साथीच्या दिवसांत तुरुंगाचें दार

(कनेरगांव नाका, जिल्हा हिंगोली, येथील सभेंत झालेलें भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत येईल कीं, सोयाबीनचा भाव, हळदीचा बाजार, पिकविम्याचे पैसे हें सारें सोडून हा गृहस्थ कैद्यांबद्दल काय बोलणार! ज्यांनीं गुन्हे केले त्यांची चिंता आपण कां वाहावी? शंका रास्त आहे, म्हणून तिचें उत्तर आधींच देतों. तुरुंगांत कोण आहे हें पाहिलें म्हणजे हा विषय परका नाहीं, आपल्याच घरचा आहे, हें ध्यानांत येतें.

सरकारच्याच दप्तरांतले आंकडे घ्या. ३१ डिसेंबर २०२२ रोजीं हिंदुस्थानांतील सर्व तुरुंगांत मिळून ५,७३,२२० माणसें कोंडलेलीं होतीं. जागा होती ४,३६,२६६ माणसांची. आपल्या महाराष्ट्राच्या तुरुंगांत त्या दिवशीं जागेच्या दीडपटीहून अधिक भरणा होता. आणि त्या पांच लाख त्र्याहत्तर हजारांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाहीं, ज्याला कोणत्याही न्यायाधीशानें अद्याप गुन्हेगार म्हटलेलें नाहीं असा मनुष्य. शंभरांत पंचाहत्तरांहून अधिक माणसें अशीं! शिवाय सर्व कैद्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश लोक अनुसूचित जाति, अनुसूचित जमाति आणि इतर मागासवर्ग यांतले आहेत. निम्म्याहून अधिकांचें शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबलेलें. म्हणजे शेतमजूर, गवंडी, हमाल, पारधी, वडार, ऊसतोड्या, हींच माणसें तेथें आहेत. ज्याच्यापाशीं पैसा आहे त्याचा वकील दुसऱ्या दिवशीं कोर्टांत उभा राहतो. ज्याच्यापाशीं नाहीं तो बराकींत बसतो. तेव्हां, बंधूंनो, तुरुंग हा गुन्हेगारीचा जितका हिशेब आहे तितकाच तो दारिद्र्याचाही आहे.

आतां अशा खचाखच भरलेल्या जागेंत साथीचा रोग शिरला तर काय होईल, हें सांगावयास ज्योतिषी नको. २०२० सालच्या मार्च महिन्यांत सरकारनें आपणां सर्वांना बजावलें कीं, एकमेकांपासून दूर उभे राहा, हात धुवा, तोंड बांधा. परंतु ज्या बराकींत एकाच्या अंगाला अंग लावून दुसरा निजतो, जेथें एकाच नळावर शंभर माणसें जातात, तेथें दूर उभें राहावयाचें कोठें? मुंबईचा आर्थर रोड तुरुंग सुमारें आठशें माणसांसाठीं बांधलेला; त्यांत त्या वेळीं अडीच हजारांहून अधिक कैदी होते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याअखेर तेथील ७७ कैद्यांना आणि २६ नोकरांना कोरोना झाल्याचें उघड झालें. येथें एक गोष्ट विसरूं नका. रोग कैद्यालाच धरतो आणि शिपायाला सोडतो असें नाहीं. शिपाई संध्याकाळीं आपल्या लेंकराबाळांत जातो. तुरुंगाची भिंत माणसाला अडविते, रोगाला अडवीत नाहीं.

सुप्रीम कोर्टानें हा धोका वेळीं ओळखला होता. १६ मार्च २०२० रोजीं त्यानें कोणाच्या अर्जाची वाट न पाहतां आपण होऊन हा प्रश्न हातीं घेतला, आणि २३ मार्चला हुकूम केला कीं, प्रत्येक राज्यानें एक उच्चाधिकार समिती नेमावी. तींत राज्य विधि सेवा समितीचे अध्यक्ष, गृह किंवा तुरुंग खात्याचे प्रधान सचिव आणि तुरुंगांचे महासंचालक असावेत. आणि कोणत्या कैद्यांना पॅरोलवर अगर तात्पुरत्या जामिनावर घरीं सोडतां येईल हें त्या समितीनें ठरवावें. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे हा केवळ एक दाखला म्हणून दिला होता. गुन्ह्याचें स्वरूप, शिक्षेचीं वर्षें आणि दुसरें कोणतेंही योग्य कारण पाहण्याची मोकळीक समितीला होती.

आपल्या राज्याच्या समितीनें त्याच आठवड्यांत काम सुरू केलें, हें तिच्या पदरीं घातलेंच पाहिजे. सात वर्षांच्या आंतील शिक्षेच्या गुन्ह्यांतले कच्चे कैदी तिनें आधीं घेतले. अकरा हजार सुटतील असें सरकारनें सांगितलें. ८ मे रोजीं १९५९ सालच्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांत नवी तरतूद घालून पक्क्या कैद्यांसाठीं 'आपत्कालीन पॅरोल' काढला, पहिल्यानें ४५ दिवसांचा, आणि साथ चालू राहील तर तीस-तीस दिवसांनीं वाढणारा. ११ मे रोजीं समितीनें आणखी दार उघडून सात वर्षांवरील गुन्ह्यांचे कच्चे कैदीही घेतले. तेव्हां आंकडा झाला सतरा हजार. परंतु तारखा नीट पाहा. आर्थर रोडच्या भिंतींच्या आंत रोग पसरला आणि मग दार रुंद झालें. घराला आग लागल्यावर विहीर खणावी तसा हा प्रकार झाला. पुढें जुलैच्या अखेरीपर्यंत प्रत्यक्ष सुटलेल्यांची संख्या दहा हजारांच्या घरांत होती. दहा हजार घरांत माणूस परत आला ही लहान गोष्ट नव्हे. पण सतरा आणि दहा यांमधलीं जीं माणसें, तीं कोण होतीं आणि कां राहिलीं, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

पहिलें कारण मापाचें. समितीनें मुख्य माप धरलें तें शिक्षेच्या वर्षांचें आणि कायद्याच्या नांवाचें. मोक्का, अंमली पदार्थांचा कायदा, बेकायदेशीर कृत्यें प्रतिबंधक कायदा अशा खास कायद्यांखालचे कैदी वगळले. परराज्यांतले वगळले. बँकांच्या मोठ्या घोटाळ्यांतले वगळले. या वगळण्याला हायकोर्टांत आव्हान दिलें गेलें. ५ ऑगस्ट २०२० रोजीं मुंबई हायकोर्टानें आणि पुढें सप्टेंबरांत सुप्रीम कोर्टानें समितीची वर्गवारी कायम ठेविली. वगळलेल्यांना आपापल्या कोर्टांत नेहमींच्या रीतीनें जामीन मागण्याची मोकळीक आहे, असें सांगितलें गेलें. कोर्टाचा निकाल आपण मानतों. परंतु निकाल मानणें निराळें आणि त्या धोरणानें प्रश्न सुटला असें समजणें निराळें. रोग माणसाचें आरोपपत्र वाचीत नाहीं. तो फुप्फुस पाहतो, वय पाहतो, साखर पाहतो, क्षयानें पोखरलेली छाती पाहतो. मग साथीपासून वांचविण्यासाठीं जी यादी करावयाची ती फुप्फुस पाहून करावयाची कीं कलम पाहून? पंचविशीचा धडधाकट तरुण लहान गुन्ह्यांत आहे म्हणून घरीं जातो, आणि सत्तरीचा दमेकरी मोठ्या कलमाखालीं आहे म्हणून बराकींत राहतो. तरुण गेला याचें वाईट वाटावयाचें नाहीं. तो गेल्यानें गर्दी कमी झाली. पण म्हाताऱ्याची सोय कोणी पाहिली?

या गोष्टीचे दोन दाखले साऱ्या देशाला ठाऊक आहेत. दोघेही भीमा-कोरेगांव प्रकरणांतले कच्चे कैदी. त्यांच्या मतांशीं आपलें जमेल वा न जमेल. येथें प्रश्न मतांचा नाहीं, देहाचा आहे. तेलुगू कवि वरवरा राव हे ऐंशीच्या घरांतले. तळोजाच्या तुरुंगांत त्यांची प्रकृति ढासळली, आणि जुलै २०२० मध्यें त्यांना कोरोना झाल्याचें निघालें. मुंबई हायकोर्टानें त्यांना प्रकृतीच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन दिला तो २२ फेब्रुवारी २०२१ रोजीं, आणि सुप्रीम कोर्टानें तो कायमचा केला १० ऑगस्ट २०२२ रोजीं. त्याच तुरुंगांत फादर स्टॅन स्वामी होते. वय त्र्याऐंशी, कंपवातानें हात इतके थरथरत कीं पाण्याचा पेला धरवेना. पाणी पिण्याकरितां नळीच्या भांड्यासाठीं कोर्टांत अर्ज करावा लागला. आजारपणाच्या कारणावर मागितलेला तात्पुरता जामीन खास कोर्टानें ऑक्टोबर २०२० मध्यें नाकारला. पुढें त्यांना कोरोना झाला, आणि ५ जुलै २०२१ रोजीं, हायकोर्टांत जामिनाचें काम चालू असतांनाच, ते मुंबईच्या इस्पितळांत वारले. खटला उभा राहिलाच नाहीं. दोषी कीं निर्दोषी, हें आतां कोणतेंही कोर्ट सांगणार नाहीं. ज्याचा न्याय व्हावयाचा होता तोच उरला नाहीं. सज्जनहो, ज्यांच्यासाठीं नामांकित वकील उभे होते, ज्यांचीं नांवें रोज वर्तमानपत्रांत येत होतीं, त्यांची ही कथा. मग ज्याचें नांव गांवच्या पाटलालाही ठाऊक नाहीं अशा क्षयरोगी मजुराची कथा काय असेल, याचा विचार आपणच करा.

दुसरें कारण जामिनाचें, आणि तें या नाक्यावर उभें राहून जितकें चांगलें समजतें तितकें मुंबईंत समजत नाहीं. आपला हा गांव हद्दीवरचा. अलीकडे हिंगोली, पलीकडे वाशिम. एकेकाळीं अलीकडे निजामाचें राज्य आणि पलीकडे इंग्रजी अंमलाचें वऱ्हाड होतें. राज्यें गेलीं, पण हद्द राहिली. आपली सोयरीक दोन्हींकडे, शेतें दोन्हींकडे, मजुरी दोन्हींकडे. आतां समजा, इकडच्या मजुरावर पलीकडे गुन्हा दाखल झाला. कोर्ट म्हणतें, जामीन दिला, पण ऐपतदार जामीनदार आण, आणि तो इकडचाच आण. त्याचा भाऊ येथें सातबारा घेऊन उभा आहे. पण त्याचा जिल्हा वेगळा! १९७८ सालीं मध्यप्रदेशांतील मोतीराम नांवाच्या एका गवंड्याचें प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें तें याच कारणावरून. सुप्रीम कोर्टानें जामीन दिला होता. खालच्या कोर्टानें दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ पुढें आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून त्याला नाकारलें. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं हें साफ चूक ठरविलें, रक्कम हजारांवर आणली आणि गरिबाला त्याच्या जातमुचलक्यावरही सोडतां येतें असें सांगितलें. त्या गोष्टीला कितीतरी वर्षें लोटलीं. तरी ३१ जानेवारी २०२३ रोजीं सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावें लागलें कीं, स्थानिक जामीनदाराचा हट्ट हें सुटका अडण्याचें एक कारण आहे, आणि जामीन मिळूनही महिनाभरांत कैदी सुटला नाहीं तर कोर्टानें आपण होऊन अटी सैल करण्याचा विचार करावा. म्हणजे रोग तोच, औषधही तेंच; फक्त तें औषध गरिबाच्या तोंडापर्यंत पोंचत नाहीं.

आणि ज्याच्या नांवें सातबाराच नाहीं त्याचें काय? पारध्याचें, वैदूचें, पालांत राहणाऱ्याचें काय? १८७१ च्या कायद्यानें इंग्रजांनीं ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविलें तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. परंतु पोलिसी संशय रद्द झाला नाहीं. तुरुंगांत तर जात अशी मुरली होती कीं, झाडलोट कोणी करावी आणि स्वयंपाक कोणी करावा हें जातीवरून सांगणारीं कलमें कित्येक राज्यांच्या तुरुंग-नियमांत होतीं. तीं सुप्रीम कोर्टानें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं घटनाबाह्य ठरविलीं. स्वराज्याला सत्याहत्तर वर्षें झाल्यावर!

पक्क्या कैद्यांच्या बाबतींतही गरिबी अशीच आडवी आली. सात वर्षांहून अधिक शिक्षा झालेल्यानें मागच्या दोन वेळच्या रजेवरून वेळेवर परत यावयास हवें होतें, तरच त्याचा आपत्कालीन पॅरोलसाठीं विचार व्हावयाचा होता. वरवर अट शहाणपणाची दिसते. पण ज्याला जामीनदार न मिळाल्यानें कधीं रजाच मिळाली नाहीं, तो वेळेवर परत कोठून येणार? या अटीच्या अर्थावरून लोकांना हायकोर्टापर्यंत भांडावें लागलें.

आतां दुसऱ्या बाजूचें म्हणणें ऐकूं. कोणी म्हणेल, ज्याच्या घरीं खून झाला, ज्याच्या लेकीची अब्रू गेली, त्याच्या दारावरून हा सुटलेला कैदी मिरवीत जाईल, तें चालेल काय? हा सवाल खरा आहे. त्याची थट्टा करण्याचें पाप मी करणार नाहीं. परंतु साथीच्या काळची सुटका म्हणजे माफी नव्हे. शिक्षा पुसली जात नाहीं, ती थांबते. परत आल्यावर राहिलेले दिवस भरावेच लागतात. २०२० च्या नियमांत दर तीस दिवसांनीं पोलीस ठाण्यांत हजेरी होती. २४ मार्च २०२३ रोजीं सुप्रीम कोर्टानें साथींत सुटलेल्यांनीं पंधरा दिवसांत परत हजर व्हावें असा हुकूम केला. जे परत आले नाहींत त्यांच्यावर गुन्हे नोंदले गेले. आणि फिर्यादीच्या जिवाला ज्याच्यापासून खरोखर धोका आहे, त्याला गांवीं न पाठवितां इस्पितळांत अगर दुसऱ्या सुरक्षित जागीं ठेवतां येतें. १८९४ च्या तुरुंग कायद्यांतच लिहिलें होतें कीं, साथ आली किंवा गर्दी झाली तर कैद्यांसाठीं तात्पुरता निवारा करावा. २०२० सालीं आपल्या राज्यानें शाळा-वसतिगृहांत तसे तुरुंग उघडलेही. तेव्हां 'सोडा नाहीं तर मरूं द्या' असे दोनच मार्ग आहेत, हें खरें नव्हे. फिर्यादीला न्याय हवा असतो. आरोपीचा बराकींत दम कोंडून झालेला मृत्यु म्हणजे न्याय नव्हे.

शिवाय आजारी कैद्याला सोडणें ही कांहीं आजची टूम नाहीं. परक्या इंग्रज सरकारनें ६ मे १९४४ रोजीं गांधीजींना आगाखान राजवाड्यांतून सोडलें तें प्रकृति बिघडल्यामुळें. त्याआधीं फेब्रुवारींत कस्तुरबा तेथेंच कैदेंत वारल्या होत्या. १९७५ च्या आणीबाणींत जयप्रकाश नारायण यांचे मूत्रपिंड निकामी झाले, तेव्हां १२ नोव्हेंबरला त्यांना पॅरोलवर सोडून मुंबईच्या जसलोक इस्पितळांत आणावें लागलें. म्हणजे मरणाच्या दारीं असलेल्या कैद्याला घरीं पाठवावें हें तत्त्व प्रत्येक सरकारला ठाऊक आहे. पण मोठा माणूस कैदेंत मेला तर देश पेटेल या भीतीनें तें तत्त्व आठवतें. लहान माणूस मेला तर पंचनाम्याचा एक कागद वाढतो. जी दया भीतीपोटीं फक्त थोरांपर्यंत पोंचते, तिला मी दया म्हणत नाहीं. मार्च २०२० मध्यें इराणनें सुमारें पंचाऐंशी हजार कैदी तात्पुरते सोडले. त्याच महिन्यांत राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क प्रमुख मिशेल बॅशेलेट यांनीं वृद्ध व आजारी कैद्यांना आधीं सोडा असें सर्व सरकारांना विनविलें. आधीं वृद्ध, आधीं आजारी! मुद्दा एवढाच आहे.

मग करावयाचें काय? सरकारकडे आपलें मागणें फार मोठें नाहीं. पाऊस आल्यावर कोणी बियाणें शोधावयास जात नाहीं. तें मृगाआधीं घरांत असावें लागतें. तसेंच साथ नसतांनाच प्रत्येक तुरुंगांत वृद्ध, गर्भार, क्षयी, हृदयविकारी, मधुमेही, अपंग कैद्यांची यादी तयार असली पाहिजे, आणि ती दर तिमाहीस डॉक्टरनें तपासली पाहिजे. हें कठीण नाहीं. तुरुंगांत येणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी आणि नोंद होत असते. त्याच नोंदींतून यादी निघते. दुसरें, आपत्ति जाहीर होतांच त्या यादींतल्या प्रत्येकाचा विचार आधीं व्हावा, कलम कोणतेंही असो. नाकारलें तर कारण लिहून द्यावें. तिसरें, अशा सुटकेला जातमुचलका पुरावा. चौथें, सुटलेल्याला घरापर्यंत पोंचवावें. एप्रिल २०२० मध्यें सुप्रीम कोर्टालाच सांगावें लागलें कीं, गाड्या बंद असतांना सुटलेले कैदी वाटेंत अडकूं नयेत, आणि रोग झालेल्याला उपचाराशिवाय बाहेर ढकलूं नये. तुरुंगाचे नियम करणें राज्याच्या हातीं आहे. तेव्हां हें मागणें आपल्या आमदारापाशीं करावयाचें आहे, दिल्लीला जाण्याचें कारण नाहीं.

आणि आपलें स्वतःचें कर्तव्य? सगळें सरकारवर ढकलून चालणार नाहीं. गांवचा कोणी आंत असेल आणि आजारी असेल, तर त्याच्या जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद, क्षयरोगाचें कार्ड हें सारें एकत्र करून तुरुंगाच्या अधीक्षकाकडे अर्जासह द्या आणि पोंच घ्या. एक प्रत कोर्टांत द्या. आजारी आणि दुर्बळ आरोपीला जामीन देतां येतो असें कायद्यांतच आहे. पूर्वीं तें फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३७ व्या कलमांत होतें, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८० व्या कलमांत आहे. वकिलाला पैसे नाहींत म्हणून बसून राहूं नका. १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें कोठडींत असलेल्या माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठीं उत्पन्नाचा दाखला लागत नाहीं. १५१०० या नंबरावर फोन केला तरी वाट दाखवितात. जामिनाची रक्कम भरतां येत नसेल तर २०२३ सालीं केंद्र सरकारनें गरीब कैद्यांसाठीं योजना काढली आहे. योजना निघाली तेव्हां, २०२३ सालीं, कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत आणि दंड भरूं न शकणाऱ्या पक्क्या कैद्याला पंचवीस हजारांपर्यंत मदत तींत होती. गंभीर कायद्यांखालचे कैदी त्या योजनेंत बसत नाहींत, हें ध्यानांत ठेवा.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती पैशाची नसून मनाची आहे. गांवांत ज्याच्या नांवें सातबारा आहे त्यानें, ज्याच्या नांवें नाहीं त्याला जामीन राहावें. अमक्याच्या जातीचा म्हणून मागें सरूं नये. आणि जो सुटून येईल त्याला वेशीबाहेर ठेवूं नये. तो तारखेला परत जाईल एवढी काळजी मात्र गांवानेंच घ्यावी. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुल्यांनीं रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्चला देह ठेवला. रोग्याला उचलतांना त्यांनीं त्याची जात विचारली नाहीं. त्यांचें नांव घेणाऱ्या समाजानें आजाऱ्याला त्याचें कलम विचारावें, हें शोभत नाहीं.

पुढची साथ केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. ती येईल तेव्हां तुरुंगाचें दार कोणासाठीं आधीं उघडावयाचें, हें आजच ठरवून ठेवा. येत्या ग्रामसभेंत हा ठराव मांडा.